गोळीच्या बाबतीत कडक, बाकी सगळ्यात सैल

पत्र: मी सातारा जिल्ह्यातली, सध्या पुण्यात एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका सत्रासाठी घाना विद्यापीठात, आक्रा शहरातल्या लेगॉनला, माझी निवड झाली आहे. ऑगस्टमध्ये निघायचंय, साधारण 120 दिवस राहायचंय. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मलेरियाच्या नावानं आईच्या डोळ्याला रोज पाणी. मैत्रिणी म्हणतात, हत्ती बघून ये. काका म्हणतात, वसतिगृहाच्या बाहेर पडू नकोस. खाऊ काय, राहू कशी, आणि फिरू की नको?
— निघालेली

प्रिय निघालेली,

अभिनंदन! लेगॉन हे 1948 साली सुरू झालेलं, पश्चिम आफ्रिकेतलं नावाजलेलं विद्यापीठ आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला चार महिन्यांसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

मलेरियाच्या बाबतीत तुझी आई बरोबर आहे. बाकी बहुतेक बाबतींत तुझ्या मैत्रिणी बरोबर आहेत. म्हणून आधी आईचं ऐकू.

घानातला जवळजवळ सगळा मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो. तो एक-दोन दिवसांत मेंदू, मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे 'दोन दिवस बघू, मग डॉक्टरकडे जाऊ' ही आपली सवय तिथे घातक ठरते. तुझ्या शेजारच्या खोलीतली घानाची मुलगी ताप आला तर 'मलेरियाच तर आहे' म्हणेल आणि चार दिवसांनी वर्गात दिसेल. लहानपणापासून पुन्हा पुन्हा लागण झाल्यानं तिच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. तुझ्यात ती नाही. तिचं बघून तू अंगावर काढू नकोस.

मलेरियाच्या जुन्या क्लोरोक्विन गोळीचा तिथे उपयोग होत नाही. प्रतिबंधासाठी तीन पर्याय आहेत, आणि निवड डॉक्टरच करतील. प्रवासापूर्वीचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरकडे निदान सहा आठवडे आधी जा. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी रोज एक, निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर 7 दिवस. म्हणजे तुझ्या 120 दिवसांसाठी 129 गोळ्या. ती जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, हीसुद्धा रोज एक, पण परतल्यावर पूर्ण 4 आठवडे, म्हणजे 150 गोळ्या. स्वस्त आहे, पण उन्हानं कातडी भाजते, आणि घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. मोठा पेलाभर पाणी प्यायचं आणि अर्धा-पाऊण तास बसून राहायचं. मेफ्लोक्विन आठवड्याला एक, निदान 2 आठवडे आधीपासून परतल्यानंतर 4 आठवड्यांपर्यंत. पण कधी नैराश्य, चिंता किंवा फिट्सचा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना न लपवता सांग, कारण अशांना ती देत नाहीत.

गोळी चुकते ती बहुतेक एक-दीड महिन्यानं. ताप आलेला नसतो, डासही दिसत नाहीत, मग मन म्हणतं कशाला. दुसरी चुकायची वेळ म्हणजे शनिवार-रविवारची सहल: पाकीट खोलीवर राहतं. पाठीवरच्या पिशवीत पाच गोळ्यांची एक पट्टी कायमची ठेवून दे. तिसरी वेळ घरी आल्यावर. साताऱ्यात पोचलीस म्हणजे धोका संपला असं नाही. शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचे जंतू यकृतातून रक्तात उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. नेमकी तीच वेळ कॅम्पसवरच्या नाइट मार्केटमध्ये जेवायला जायची. पूर्ण पायाचा सैल पायजमा, पायांना डास पळवणारं क्रीम (30 ते 50 टक्के डीट असलेलं), आणि झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून. चार कोपऱ्यांना बांधायला सुतळी आणि हुक इथूनच ने, त्याअभावी मच्छरदाण्या बॅगेतच पडून राहतात.

इतकं करूनही तिथे पोचल्यापासून सात दिवसांनंतर कधीही 38 अंश ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपास. परीक्षा असो, पाऊस असो. विद्यापीठाचं रुग्णालय आहे. झटपट चाचणीचा निकाल वीसेक मिनिटांत मिळतो. तपासणीआधी दुकानातून आणलेल्या गोळ्या खाऊ नकोस, आणि प्रतिबंधाची कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना सांग. मलेरिया निघाला तर सहसा तीन दिवसांत सहा डोस देतात, तेही जेवणाबरोबर. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेले डोस सोडायचे नाहीत. परतल्यावर वर्षभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, 'मी घानात राहून आलेय.'

पिवळ्या तापाची लस वेगळी. ती फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते आणि मुंबई-पुण्यात त्यासाठी आधी नंबर लावावा लागतो. प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर कार्ड ग्राह्य धरत नाहीत. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथे सांग. हे पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव, कारण जाताना आक्राला दाखवावं लागतं आणि येताना मुंबईला. येताना कार्ड नसेल तर आपले विमानतळ अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. काहीजण पोचल्यावर ते मोठ्या बॅगेत टाकतात आणि परतताना ती बॅग सामानात देतात.

कडक राहायचं ते इथपर्यंत. आता हात सैल सोड.

खाण्याची तुला वाटते तेवढी पंचाईत नाही, कारण तिथलं स्वयंपाकघर चवळी, बाजरी, शेंगदाणे, भेंडी, वांगी आणि अळूच्या चुलतभावावर चालतं. अडचण भाज्यांची नाही, मासळीची आहे. सुक्या माशाची पूड, कोळंबीची पूड आणि मांसाच्या चवीच्या वड्या जवळपास प्रत्येक रश्श्यात जातात. शिवाय बोलण्यात 'मीट' म्हणजे मटण-बीफ. तू 'नो मीट' म्हणालीस तर बाई प्रेमानं मासा वाढेल. म्हणून चार शब्द वेगवेगळे म्हण: नो मीट, नो फिश, नो एग, नो शितो. शितो म्हणजे ती काळी तिखट चटणी, दिसायला आपल्या तिळाच्या चटणीसारखी तेलकट, पण सुकी मासळी आणि कोळंबी घालून केलेली. ट्वी भाषेत 'मेनवे नाम' म्हटलंस, म्हणजे 'मी मांस खात नाही', तर निम्मं काम हसण्यावर होऊन जातं.

सकाळी रस्त्याच्या कडेला मोठ्या पातेल्यावर झाकण दिसलं की थांब. ते कोको असतं: बाजरीचं आंबवलेलं पीठ शिजवून केलेली पेज, आलं, लवंग आणि मिरीचा झणका असलेली. तिच्याबरोबर कोसे, म्हणजे भिजवलेली चवळी वाटून, कांदा-मिरची घालून तळलेले वडे. आपल्या घरातलीच न्याहारी वाटेल. दुपारी 'रेड रेड' माग: लाल पामतेलात शिजवलेली चवळी आणि बाजूला पिकल्या केळ्याचे तळलेले काप. रस्सा माशाशिवाय आहे ना, एवढं विचार. संध्याकाळी केलेवेले, आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे, शेंगदाण्यांबरोबर. वाचे नावाचा चवळी-भात ज्वारीच्या पानांबरोबर शिजवतात म्हणून तांबूस होतो. भात तेवढा घे आणि रस्सा नको म्हण, त्याऐवजी वर 'पेअर' कापून घे. तिथे पेअर म्हणजे ॲव्होकॅडो. जोलोफ भात मात्र बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजतो, तो सोडूनच दे.

महिनाअखेर वसतिगृहात सगळ्यांना तारते ती गारी. कसावा (आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद) किसून, आंबवून, दाबून पाणी काढून, भाजून केलेला रवा. अर्धी वाटी गारीवर दीड वाटी थंड पाणी ओत, वर तरंगणारी कोंड्यासारखी पूड पाण्याबरोबर काढून टाक, मग साखर, मूठभर शेंगदाणे, हवं तर डब्याचं दूध. पाच मिनिटं थांब. घाईनं कोरडी कोरडी खाल्ली तर पोटात फुगते आणि रात्रभर त्रास देते.

स्वतः शिजवायचं तर मादिनाचा बाजार कॅम्पसच्या जवळ आहे. धान्य ओलोंका नावाच्या पत्र्याच्या मापानं मिळतं, साधारण अडीच किलोचं, आणि शीग लावून भरतात. शीग नीट लागली का ते बघायचं, भाव करताना तेच बोलणं असतं. कोनतोमिरे नावाची मोठी हिरवी पानं म्हणजे आपल्या अळूच्या नात्यातली. कच्ची राहिली तर अळूसारखीच घसा खाजवतात, तेव्हा नीट शिजव आणि चिंच घाल. त्यात तिथेच मिळणारं भाजलेल्या शेंगदाण्याचं वाटण दोन मोठे चमचे आणि भिजवलेली चवळी घातलीस की अळूच्या भाजीच्या अगदी जवळ जातं. इथून फक्त हिंग, गोडा मसाला, चिंच आणि 3 लिटरचा कुकर ने. कुकरची शिट्टी आणि एक जादा रबर विसरू नकोस. डाळ नेऊन बॅग जड करू नकोस, आक्रात भारतीय किराणा मिळतो, जरा महाग पडतो इतकंच. वीज 230 व्होल्टचीच आहे, त्यामुळे आपली शेगडी-चार्जर चालतात, पण सॉकेट बहुतेक तीन चौकोनी पिनांचे असतात. दोन ॲडॉप्टर घे. खोलीत शेगडी चालते का, हे वसतिगृहाला आधी विचार.

पाणी जातं, लाईट जाते. वीज येण्याजाण्याला ट्वीत 'दुमसोर' म्हणतात, शब्दशः 'बंद-चालू'. पाण्यासाठी 25 लिटरचे पिवळे कॅन सगळीकडे दिसतील, मुळात खाद्यतेलाचे. त्यांना 'कुफुओर गॅलन' म्हणतात, कारण कुफुओर अध्यक्ष असताना (2001 ते 2009) पाणीटंचाईत ते घराघरांत आले. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी असे दोन कॅन, झाकणाची बादली आणि तांब्याचं काम करणारा मग विकत घे. नळाला पाणी असताना कॅन भरून ठेवायचे, पाणी गेल्यावर नाही. परदेशी विद्यार्थ्यांची पहिली फजिती इथेच होते. बादलीनं अंघोळ करायची सवय तुला आहे, युरोपातून आलेल्या मुलांना ती शिकावी लागते. प्यायला 500 मिलिलिटरच्या प्लास्टिक पुड्या मिळतात, 30 पुड्यांचं पोतं घेतलं की स्वस्त. कोपरा दातानं तोडण्याआधी धुऊन घे.

पैशांसाठी व्हिसाचं कार्ड ने, रुपेवर विसंबू नकोस. पहिल्याच आठवड्यात सिम कार्ड आणि मोबाईल मनी सुरू कर. त्याला सगळे 'मोमो' म्हणतात आणि भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत ते चालतं. 'चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा' असा फोन आला की ठेवून दे, आणि शिल्लक स्वतः बघ. पिन कोणालाच सांगायचा नाही. हातात सुट्टे सेडी, म्हणजे घानाचे पैसे, कायम हवेत. 2007 साली जुन्या 10,000 सेडींचा एक नवा सेडी झाला, पण बाजारात एखादी म्हातारी अजूनही 'वीस हजार' म्हणून जाते. घाबरू नकोस, तिला दोन सेडी हवे असतात.

ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप. फरक इतकाच की दारात लटकलेला 'मेट' ओरडत असतो: 'सर्क-सर्क-सर्क' म्हणजे आक्रातला एनक्रुमा सर्कल हा चौक. रस्त्यावर उभी असशील तर तर्जनी खाली करून गोल फिरव, सर्कलची गाडी थांबते. भाडं गाडी सुटल्यावर मेट मागतो. उजव्या हातानं, सुट्टे. उतरायच्या थोडं आधी 'मेट, बस स्टॉप!' म्हणून मोठ्यानं हाक मार, लाजलीस तर पुढच्या स्टॉपला उतरशील. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरव. 'ड्रॉपिंग' असा शब्द आला तर ती एकटीसाठी, म्हणजे महाग. रात्री ॲपवरची गाडी बोलव आणि गाडीचा नंबर जुळल्याशिवाय दार उघडू नकोस. खिडकीजवळ फोन धरून बसू नकोस, सिग्नलला हिसकावतात.

अभ्यासाचं थोडक्यात. विषयांची नोंदणी करताना लागतात त्याहून दोन विषय जास्त निवड, कारण वेळापत्रक लागलं की तास एकमेकांवर येतात. तुझ्या पुण्याच्या विभागाकडून विषयांची मान्यता लेखी घे आणि तिथल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह आण. क्रेडिट अडकतात ते याच कागदावर. गुणांची धास्ती घेऊ नकोस, तिथे 80 च्या वर ए मिळतो आणि तो सहजासहजी देत नाहीत. परतीचं तिकीट मात्र बदलता येणारं काढ. 2022 च्या सुरुवातीला प्राध्यापकांच्या संपामुळे शिकवणं कित्येक आठवडे थांबलं होतं आणि सगळ्यांच्या तारखा पुढे गेल्या होत्या.

एका गोष्टीची तयारी पुण्यातच कर. जून 2016 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी लेगॉनच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं आणि डिसेंबर 2018 मध्ये तो हटवला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात गांधीजींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, त्यावर तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला होता. समाजशास्त्राची भारतीय विद्यार्थिनी म्हटल्यावर तुला कोणीतरी याबद्दल विचारणारच. भारतात आफ्रिकी विद्यार्थ्यांना कसं वागवतात, हेही विचारतील. ते लिखाण आधी वाचून जा, आणि पुण्यात शिकणाऱ्या एखाद्या आफ्रिकी विद्यार्थ्याशी निघण्यापूर्वी बसून बोल: खोली शोधताना काय झालं, रिक्षात काय ऐकावं लागलं. तिथे बचाव करत बसू नकोस. आधी ऐकून घे.

आता हत्ती. काकांना सांग, दिवसा आणि दोघी-तिघींनी फिरलं तर घाना मुलींसाठी कठीण नाही. सुरुवात केप कोस्टपासून कर, आक्राहून साधारण 150 किलोमीटर. पहाटे निघालीस तर सकाळी काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून बांधलेल्या सात झुलत्या पुलांवरून चालून, दुपारी केप कोस्टचा किंवा एल्मिनाचा किल्ला बघता येतो. एल्मिना पोर्तुगिजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला आणि पुढे तिथल्या तळघरांतून माणसं गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. तिथे सेल्फी काढायचा नाही. कितीतरी लोक अमेरिकेहून आपल्या पूर्वजांसाठी तिथे येऊन रडत असतात.

हत्ती उत्तरेला मोले राष्ट्रीय उद्यानात. तिथे बंदूकधारी वनरक्षकाबरोबर पायी फिरता येतं. पण हत्ती पाणवठ्यावर हमखास दिसतात ते जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत. तुझं सत्र डिसेंबरमध्ये संपतं, म्हणून ही सहल अगदी शेवटी ठेव. आक्राहून उत्तरेतल्या तामाले शहरापर्यंत बसनं बाराएक तास लागतात. शक्य तितका रस्ता उजेडात काप, रात्री दिवे नसलेले ट्रक रस्त्यात उभे असतात आणि अपघात त्यांच्यामुळे होतात. कोरड्या दिवसांत उत्तरेत मेंदूज्वराची साथ येते, तेव्हा त्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारून ठेव. व्होल्टा तलावात उतरू नकोस: काठच्या पाण्यातल्या गोगलगायींतून बिलहार्झियाचे जंतू कातडीतून आत शिरतात, खाज येऊन जाते आणि त्रास काही महिन्यांनी कळतो. समुद्रातही गुडघ्यापर्यंतच, त्या किनाऱ्यावर परतीचा प्रवाह आत ओढतो.

आणखी एक खड्डा. आक्रापासून तीन-चार तासांवर टोगोची सीमा आहे आणि पलीकडे लगेच लोमे शहर. सगळे म्हणतात, चल जाऊन येऊ. तुझा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडलेली तू पुन्हा घानात येऊ शकत नाहीस, आणि टोगोसाठी व्हिसा वेगळा. विमानतळावर शिक्का मारताना किती दिवस लिहिलेत तेही जागेवरच वाच. अनेकदा 60 लिहितात, व्हिसा जास्त दिवसांचा असला तरी. मुदत संपायच्या आत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून वाढवून घे.

लोकांत मिसळायला तुला जड जाणार नाही. खोलीत शिरलीस की आधी नमस्कार, उजवीकडच्या माणसापासून सुरू करून. त्याआधी काम काढणं उद्धट समजतात. डाव्या हातानं काही देऊ-घेऊ नको. जेवत असलेलं माणूस तुला 'यू आर इन्व्हायटेड' म्हणेल, ते आपलं 'या जेवायला'. तूही घास घेण्याआधी तसं म्हण. उठून जाताना मैत्रीण 'आय ॲम कमिंग' म्हणेल. ती कुठूनही येत नसते, ते आपलं 'येते हं'. ठेच लागली की अनोळखी बाई 'सॉरी' म्हणेल, चूक तिची नसताना. तुझ्या दुखण्यात ती सामील होते, एवढाच अर्थ. लग्नाच्या मागण्या रस्त्यात येतील, त्यातल्या बहुतेक गप्पा म्हणूनच घे, हसून 'नाही' म्हण आणि चालत राहा. फोन नंबर देऊ नकोस.

घरी फोन करायला आक्रातले दुपारचे तीन ही वेळ बरी, साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तू तिथे रात्री आठला फोन लावलास तर इथे दीड वाजलेला असेल, आणि त्या वेळी फोन वाजला की आईच्या मनात एकच विचार येईल. निघण्याआधी तिला तुझी पत्रिका काढायला सांग आणि जन्मवार बघून ठेव. ट्वी बोलणाऱ्या अकान लोकांत वारावरून नाव असतं, आणि तुला ते पहिल्याच दिवशी विचारतील: सोमवारची मुलगी अद्वोआ, मंगळवारची अबेना, बुधवारची अकुआ, गुरुवारची या, शुक्रवारची अफुआ, शनिवारची अमा, रविवारची अकोसुआ. पहिल्या फोनवर आईला तुझं तिथलं नाव सांग.